जुन्या गुळाचा वास

कोठीच्या खोलीचं दार ढकललं की पहिल्यांदा गुळाचा वास येतो. तिथला शेवटचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, हलवला त्याला आता पंधरा वर्षं होऊन गेली, पण भिंतींनी तो वास सोडलेला नाही. कोल्हापुरातल्या गंगावेशीतलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. ही खोली रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली, दगडी भिंत दोन हात जाड, आणि उजेडाला वर एकच झरोका. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाहूपुरीच्या गूळ मार्केटात चाळीस वर्षं अडत केली. घरासाठी, पाहुण्यारावळ्यांसाठी आणि पुढच्या साली ताडून बघायला म्हणून राखलेले निवडक रवे ते इथं ठेवायचे, लाकडी फळ्यांवर, भिंतीला अजिबात न टेकवता. त्याच फळ्यांवर माझ्या बाटल्या उभ्या आहेत. बेल्जियमच्या बऱ्याच, इंग्लंडच्या थोड्या. सगळ्या बिअरच्या, आणि सगळ्या मुरत ठेवलेल्या.

उद्यमनगरात फौंड्री असलेला माझा शाळेतला मित्र पहिल्यांदा हे बघून म्हणाला, “बिअर काय लोणचं हाय व्हय मर्दा, मुरवायला?” त्याला वाटलं तो मला अडवतोय. पण त्यानं नेमका शब्द उचलला होता. लोणचं मुरतं. मुरंबा मुरतो. पाऊस जमिनीत मुरतो, माणूस धंद्यात मुरतो. आणि ह्याच्या शेजारी आपल्याकडं दुसरा शब्द आहे: शिळं. भाकरी शिळी होते, ती मुरत नाही. वेळ दोघांवरून सारखाच जातो. मग एकाचं मुरणं आणि दुसऱ्याचं शिळं होणं, हे ठरतं कुठं? गेली नऊदहा वर्षं मी ह्या फळ्यांसमोर बसून तेवढंच शोधतोय.

सुरुवात चुकीची झाली. गोव्याहून आणलेली एक आयपीए मी दीड वर्ष राखून ठेवली होती. इंडिया पेल एल हे नावच मला फसवून गेलं. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून फिकट, कडू बिअर पिंपांत भरून हिंदुस्थानात यायची. शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून पोचायला चार ते सहा महिने लागायचे, आणि त्या प्रवासात बिअर चांगली तयार व्हायची, असं वाचलं होतं. जी बिअर उष्ण समुद्रातून मुंबई-कलकत्त्यापर्यंत टिकली, ती आमच्या कोठीत का टिकू नये?

टिकली नाही. झाकण काढलं आणि पावसात भिजून वाळलेल्या वहीचा वास आला. आंबा नाही, मोसंब्याची साल नाही, ज्यासाठी लोक आयपीए पितात त्यातलं काहीच उरलं नव्हतं. तोंडात नुसता गोडसर पुठ्ठा. चूक बनवणाऱ्याची नव्हती, बाटलीवर सहा महिन्यांची मुदत स्पष्ट छापलेली होती. जुन्या काळची ती पिंपातली बिअर वेगळी होती, दणकून कडू आणि राखण्याच्या हिशेबानंच केलेली. आजची आयपीए म्हणजे हॉप्सच्या, बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या, फुलांचा ताजा वास. तो वास मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा असतो. गजरा कुणी राखून ठेवत नाही.

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या आळीत राहतात. त्यांनी तो ग्लास हुंगला आणि एका शब्दात निकाल दिला: नॉनेनाल. माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमधल्या, स्निग्ध पदार्थांपासून तयार होणारं हे द्रव्य इतकं उग्र वासाचं, की एक अब्ज भागांत त्याचा एखादा अंश असला तरी माणसाला पुठ्ठा जाणवतो. बाटली भरताना आत राहिलेली आणि झाकणाच्या रबरातून वर्षानुवर्षं हळूहळू शिरणारी हवा हे सगळं घडवायला मदत करते. हॉप्सचा वास आधी जातो. मग कडूपणा उतरत जातो. हलक्या, फिकट बिअरमध्ये हे दोन गेले की मागं झाकायला काही नसतं. सर म्हणाले, “मुरायला आत ऐवज लागतो.” हेच आबा गुळाबद्दल आयुष्यभर म्हणत आले आहेत, त्यांच्या भाषेत: “राखायचा तर आधी गूळ चांगला पायजे. कच्च्या पाकाचा रवा पावसाळ्यात पाणी सोडतो.”

बिअरमधला ऐवज म्हणजे काय, तर भरपूर माल्ट, आठनऊ टक्क्यांच्या पुढचं अल्कोहोल, आणि बाटलीच्या तळाशी जिवंत यीस्ट. बेल्जियमच्या मठांतल्या गडद बिअरांत हे तिन्ही असतं. बाटली भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, ते आतच पुन्हा आंबतं, फेस धरतं आणि आत अडकलेला प्राणवायू बराचसा खाऊन टाकतं. म्हणून तळाशी तो गाळ दिसतो. नवख्या माणसाला तो दोष वाटतो. तो राखणदार आहे.

माझा भाचा ब्रुसेल्सला नोकरीला आहे. कस्टमच्या नियमानं प्रवाशाला दोन लिटर मद्य आणता येतं. 330 मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे 1.98 लिटर. तेवढ्याच येतात एका खेपेला, बहुधा दिवाळीत. 2016 च्या दिवाळीत त्यानं शिमे ब्लू आणली, शिमे गावाजवळच्या स्कुर्मोंच्या मठातली, 9 टक्क्यांची, निळ्या झाकणाची. एक लगेच प्यालो, म्हणजे ताजी कशी लागते ते जिभेला माहीत असावं. पाच फळीवर उभ्या केल्या. उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाहीत. गाळ तळाशी बसतो आणि झाकणाच्या धातूला बिअर लागत नाही.

आता कोल्हापूरची अडचण सांगतो. युरोपातल्या तळघरात बारातेरा अंश तापमान असतं, उन्हाळा असो की हिवाळा. आमच्या कोठीत मी तापमापक टांगला. थंडीत 21, वैशाखात 27. बाहेर 39 असताना 27 ही ह्या घराची मोठीच कमाई, पण बिअरच्या हिशेबानं फार. दहा अंश वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, हे सरांनी पाटीवर लिहावं तसं समजावलं. म्हणजे शिमेच्या मठात सहा वर्षं आणि आमच्या कोठीत सहा वर्षं ह्या एक गोष्टी नव्हेत. 2017 मध्ये मी एका बंद पडलेल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून जुना बॉटल कूलर घेतला, त्याचा थर्मोस्टॅट बदलून 14 अंशांवर लावला. पाचातली एक बाटली पुढच्या वर्षी प्यालो, बाकीच्या चारातल्या दोन कूलरमध्ये, दोन फळीवरच. हे फार विचार करून केलं नव्हतं. कूलरमध्ये जागाच तेवढी उरली होती.

त्या दोन बाटल्या फळीवर राहिल्या म्हणून हा लेख लिहितोय.

2022 चा श्रावण. बाहेर दोन दिवस रिपरिप चालू होती, पंचगंगेचं पाणी घाटावर चढलेलं. मित्र आणि सर आले. तीन ग्लास मांडले: भाच्यानं नुकतीच आणलेली ताजी शिमे, कूलरमधली 2016 ची, आणि फळीवरची 2016 ची. फळीवरच्या बाटलीला लेबल नव्हतं. ओलीत वाढलेल्या कसरीनं कागद आणि खळ दोन्ही खाल्लं होतं, काचेवर डिंकाचे चार पट्टे तेवढे शिल्लक. झाकणाच्या कडेला गंजाचं बारीक कडं. निळा रंग होता म्हणून ती शिमे.

ताजी ओतली तेव्हा फेस ग्लासाच्या वर आला. मनुका, लवंग, मिरी, आणि शेवटी स्वच्छ कडसरपणा. आवाज चढलेल्या तरण्या पोरासारखी बिअर. कूलरमधली शांत होती. फेस कमी, पण मलईसारखा बारीक. कडूपणा जाऊन त्याच्या जागी खजूर आणि सुकं अंजीर आलेलं, गिळल्यावर बऱ्याच वेळानं कोकोसारखं काहीतरी. लवंग कुठंतरी मागं, ओळखू येईल न येईल इतकी. मित्र काही बोलला नाही, त्यानं ग्लास पुन्हा नाकाशी नेला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

मग तिसरी. हिचा फेस धरलाच नाही, कडेनं एक रेघ उमटली आणि विरली. रंग काकवीचा, उजेडाला धरला तर कडेला तांबूस. पहिल्या घोटात थोडी अळणी लागली. म्हणजे चवहीन नव्हे. मटण शिजवल्यावर निघतं ते अळणी, ज्याचा पुढं पांढरा रस्सा होतो. तळाचं यीस्ट मरून फुटलं की त्यातून तशी रश्शासारखी चव उतरते. ती एक घोटभरच होती, पण होती. आणि तिच्या खालून दुसरं काहीतरी येत होतं, जड, गोड, ओळखीचं. मला ते नाव सापडेना. तिघंही हुंगत राहिलो. सर म्हणाले शेरी, ती स्पेनची मुरवलेली वाईन. मित्र म्हणाला जळका खवा. दोन्ही जवळ जात होतं, बसत नव्हतं.

तेवढ्यात आबा खाली उतरले. आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंचवीस वाऱ्या केलेले. दारूचा थेंब त्यांनी आयुष्यात तोंडाला लावलेला नाही आणि माझ्या ह्या नादावर कधी एका शब्दानं बोललेही नाहीत. त्यांना जुना अडकित्ता हवा होता. ते फळीशी गेले, थांबले, वळले आणि विचारलं, “गूळ कुणी फोडला?”

“कुणी न्हाई आबा.”

“मग वास कशाचा?”

मी तिसरा ग्लास, जवळजवळ रिकामा, लांबूनच दाखवला. त्यांनी तो हातात घेतला. गूळ पारखणारा माणूस कसा वास घेतो ते मी लहानपणापासून बघत आलोय. एकदम नाक खुपसत नाही. आधी लांबून, मग जवळ, मग मान फिरवून एक कोरा श्वास, आणि पुन्हा. आबांनी अगदी तसंच केलं. सौद्याला उभे असल्यासारखे. डोळे बारीक केले आणि म्हणाले, “पावसाळा काढलेल्या रव्याचा वास हाय ह्यो. एक न्हवं, दोन पावसाळं.”

“आबा, ह्यात ऊस नाही. सातूची असते ही. साखर घालतात ती पण बिटाची.”

“आसंल. वास मी सांगितला.”

ग्लास खाली ठेवून ते वर गेले, आणि पाच मिनिटांनी स्वतःच एक पितळी डबा घेऊन परत आले. त्यात जुना गूळ होता. जुना गूळ पथ्याचा, असं आयुर्वेद सांगतो, त्यामुळं आमच्या घरात तो कायम राखलेला असतो. नवा गूळ सोनेरी आणि कडक. डब्यातला काळपट, बोटाला चिकटणारा, कडेनं थोडा पाघळलेला. मी डबा आणि ग्लास शेजारी शेजारी धरले. एकदा इकडं, एकदा तिकडं. अंगावर काटा आला. एकच वास.

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच आले. रात्री त्यांनी बसून वाचून काढलं होतं. सोटोलोन नावाचं एक द्रव्य आहे. मेथीच्या दाण्याला मेथीचा वास त्याच्यामुळं येतो. न शुद्ध केलेल्या उसाच्या साखरेत ते सापडतं. वर्षानुवर्षं मुरलेल्या शेरीत आणि पोर्तुगालच्या मदिरा बेटावरच्या वाईनमध्ये ते असतं. आणि बेल्जियमच्याच संशोधकांनी ते जुन्या झालेल्या गडद, कडक बिअरांतही मोजलेलं आहे. हवा, उष्णता आणि वेळ ह्या तिघांनी मिळून ते घडवायचं. सर म्हणाले, “तुझे वडील उपकरणासारखे आहेत.” मी म्हटलं, उपकरणाला मेथी आणि गूळ वेगळे सांगता येतील, पण बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवात ते दोन्ही एकत्र का घालतात हे आबांना आणि आईला न सांगताच माहीत होतं.

हे मी एवढ्या तपशिलानं सांगतोय कारण तिसरी बाटली पुस्तकाप्रमाणं चुकीची होती. इतक्या उष्णतेत ठेवू नये. ती अळणीची चव यायला नको. ह्या विषयातल्या जाणत्या माणसानं दोन्ही चाखल्या तर कूलरमधलीच वरचढ ठरवील, आणि त्याचं बरोबर असेल. खजूर-अंजिराचा तो समतोल तिसरीत नव्हता. पण ती आमच्या हवेत मुरलेली होती. सहा उन्हाळे, सहा पावसाळे, ही दगडी भिंत, ह्या फळ्या. स्कुर्मोंच्या मठातल्या माणसानं ती ओळखली नसती. गूळ मार्केटातल्या माणसानं लांबून ओळखली.

शिळं आणि मुरलेलं ह्यांच्यातली भिंत त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तितकी जाड राहिली नाही. गोव्याच्या त्या आयपीएत जी हवा शिरली तीच ह्या शिमेतही शिरली. एकीत तिला खायला फूल मिळालं, दुसरीत भाजलेला माल्ट.

भाच्यानं पुढच्या खेपेला ब्रुसेल्समधल्या कँतियोंचे फोटो आणले. 1900 सालापासूनची ती ब्रूअरी, लँबिक बनवणारी. लँबिकला बाहेरून यीस्ट घालत नाहीत. उकळलेला माल्टचा रस माळ्यावरच्या रुंद, उथळ तांब्याच्या कढईत रात्रभर उघडा ठेवतात, आणि हवेतलं, छपराच्या लाकडातलं जे काही असेल ते त्यात येऊन बसतं. मग पिंपांत एक, दोन, तीन वर्षं. तिन्ही वयांची बिअर मिसळून बाटलीत भरली की ती गूझ. ह्यासाठी हॉप्ससुद्धा मुद्दाम जुने वापरतात, दोनतीन वर्षं ठेवून कडूपणा गेलेले, नुसते राखायच्या गुणापुरते. हे मला सगळ्यात आवडलं: जुनं होऊ घातलेल्या वस्तूत आधीच जुनी केलेली वस्तू.

आबांनी त्या कढईचा फोटो चष्मा लावून बघितला. “काहीलच की ही. जाळ कुठाय?”

“जाळ न्हाई आबा, हिच्यात गार करत्यात.”

“बारा म्हैनं?”

“न्हाई. थंडीतच. ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात हवेतनं नको ते किडे येत्यात.”

आबांनी मान डोलावली. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला गुळाच्या सौद्याचा मुहूर्त होतो, गुऱ्हाळं पेटतात ती उन्हं तापेपर्यंत. त्यांना ह्यात विशेष काही वाटलं नाही, आणि ते न वाटणंच मला फार मोठं वाटलं. सात हजार किलोमीटरवरची गोष्ट त्यांना शेजारच्या वडणग्याइतकी जवळची होती.

ओर्वालचं थोडक्यात सांगतो, कारण ती निराळीच चीज आहे. तिची बाटली तालमीतल्या मुगदलासारखी, त्यामुळं कसरीनं लेबल खाल्लं तरी ओळखू येते. अल्कोहोल 6.2 टक्केच, म्हणजे वरच्या हिशेबानं मुरायला नको. पण बाटली भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट घालतात. इतर यीस्टना जी साखर पचत नाही ती हे सावकाश खात राहतं. लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापतात आणि मुदत पाच वर्षांची देतात. ताजी असताना हॉप्सचा हिरवा, कडू वास. तीन वर्षांची उघडली तेव्हा मित्राला त्याच्या पैलवान चुलत्याची तालीम आठवली, ताक-तेल-हळद घालून मळलेली तांबडी माती. मला महाद्वार रोडकडच्या चप्पल ओळीत नव्या जोडाचा येतो तो वास आला, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा. परदेशी पुस्तकं ह्या वासाला घोड्याचं खोगीर म्हणतात. आम्ही खोगीर कशाला आठवू?

कूलरमधली एक आणि फळीवरची एक, अशा 2016 च्या दोन बाटल्या अजून आहेत. मित्र दर दिवाळीला विचारतो, कधी काढायच्या. मी लांबणीवर टाकतो. आबा आता 84 वर्षांचे आहेत. जिना उतरायला त्यांना हात लागतो, आणि वासही पूर्वीसारखा येत नाही असं ते म्हणतात, पण मागच्याच महिन्यात आमटीला हिंग कमी पडला हे त्यांनी माजघरातून सांगितलं.

ह्या दिवाळीत सहा नव्या बाटल्या आल्या. कसरीचा अनुभव असल्यानं मी आता लेबलावर विसंबत नाही, काचेवरच पांढऱ्या ऑइल पेंटनं लिहून ठेवतो. बाटल्या ओट्यावर ओळीनं मांडल्या, ब्रश बुडवला, तेवढ्यात आबा म्हणाले, “आण हिकडं.” सौद्याच्या वह्यांत घडलेलं त्यांचं अक्षर मोठं, तिरकं. त्यांनी तारीख लिहिली नाही, साल पण एक लिहिलं नाही. गुळाचा हंगाम दोन सालांत पसरतो, म्हणून व्यापारी दोन्ही जोडून लिहितात. सहाही बाटल्यांच्या खांद्यावर त्यांनी तसंच लिहिलं: 24-25. तिसऱ्या बाटलीवर हात थरथरला आणि पाचाच्या शेपटातून रंगाचा एक ओघळ खाली आला.

“पूस ते,” आबा म्हणाले.

मी पुसला नाही. रंग वाळेपर्यंत थांबलो आणि तीन बाटल्या कूलरमध्ये, तीन फळीवर ठेवल्या. ओघळाची फळीवर.